गृहपाठाचं हक्कसोडपत्र

पॅरालीगल म्हणजे काय, हे तिला प्रत्येकाला वेगळं समजावून सांगावं लागलं होतं. नवऱ्याला वाटलं, अर्धी वकील. समोरच्या दारातल्या काकूंना वाटलं, टायपिस्ट.

“म्हणजे तू कोर्टात उभी राहणार नाहीस?” काकूंनी विचारलं होतं.

“नाही हो.”

“मग भांडणार कुठे?”

“भांडायचं वकिलांनी. त्यांना भांडता यावं म्हणून कागद मी लावून द्यायचे.”

“आणि एवढ्यासाठी विद्यापीठ लागतं?” असं म्हणून काकू हसत हसत आत गेल्या, पण दुसऱ्या दिवसापासून जिन्यात दिसली की “काय वकिलीणबाई!” अशी हाक मारायला लागल्या.

फक्त मोठ्या बहिणीला, ताईला, ते पहिल्या दमात कळलं. मुळात सर्टिफिकेट कोर्सची जाहिरात आणली तीच ताईने. पेपरातून कापून, चार घड्या करून, पर्समधून. “सहा महिने. आठवड्याला तीन दुपारी. तुला कागदपत्रांचं पहिल्यापासून वेड. लहानपणी औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा वाचायचीस तू.”

“आणि ठकी?”

“ठकीला मी बघते. तू अर्ज भर.”

ठकी म्हणजे तिची चौदा महिन्यांची लेक. मावशी म्हणता येत नव्हतं म्हणून ती ताईला ‘माऊ’ म्हणायची, आणि आईला अजून काहीच म्हणत नव्हती. याचं तिला हसू यायचं आणि बारीकशी कळही यायची.

ताई तिच्याहून सात वर्षांनी मोठी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ही चौदाची होती आणि ताई नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्यानंतर आठ वर्षं आई अंथरुणात आणि ताई अंथरुणापाशी. लग्न झाल्यावरही ताई दिवसातून दोनदा यायची, कूस बदलायला, चादरी धुवायला. आई दोन वर्षांपूर्वी गेली. मागे दोन खोल्या आणि एक बाल्कनी उरली, दोघी बहिणींच्या नावावर. तिथे ही राहायची, नवरा आणि ठकीसकट. ताई आणि भावजी सात गल्ल्या पलीकडे, भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर. मालक खोली सोडा म्हणून मागे लागला होता, पण ताई ते हसण्यावारी न्यायची. “सोडू की. अजून पाय आहेत चालायला.”

सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी दोन वाजता ताई यायची. खालच्या पेटीतलं टपाल घेऊन वर यायची, ठकीला उचलायची आणि हिला दाराबाहेर ढकलायची.

वर्ग विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत भरायचा. कधीकाळी रसायनशास्त्राची प्रयोगशाळा असलेल्या खोलीत. बाकांच्या मध्ये अजून कोरडी बेसिनं होती, त्यांत मुली दप्तरं ठेवायच्या. शिकवायला एक बाई होत्या, एकतीस वर्षं कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेल्या. तोंडावर सगळ्या त्यांना मॅडम म्हणायच्या, पाठीमागे ‘शिक्का’. कारण प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्या टेबलावर मूठ आपटायच्या.

“मुदत मोजताना पहिला दिवस धरायचा नाही. ठप्प. शेवटचा धरायचा. ठप्प. शेवटच्या दिवशी सुट्टी आली तर पुढचा दिवस. आणि अशिलाचं गुपित नवऱ्यालासुद्धा सांगायचं नाही. झोपेत बरळत असाल तर वेगळ्या खोलीत झोपा.” ठप्प.

तिला हे सगळं आवडायचं. पानांना क्रमांक घालणं, पुराव्यांना खुणेची चिठ्ठी लावणं, शंभर पानांच्या फायलीची एका पानाची सूची करणं. घरी ठकीच्या खेळण्यांत दिवसभर काहीच जागेवर राहत नसे. इथे प्रत्येक कागदाला एक जागा होती, आणि ती जागा शोधून देणारी ती होती.

तिसऱ्या महिन्यात गृहपाठ आला: हक्कसोडपत्र. वारसदारांपैकी एकाने आपला हिस्सा दुसऱ्याला सोडून दिला, असा दस्त लिहायचा.

“खोटी नावं घेऊ नका,” मॅडम म्हणाल्या. “खोट्या नावांवर हात खोटाच चालतो. घरातली घ्या, आपलं घर घ्या, भिंती मोजा. दोन प्रती करा. एक मला, एक तुमच्या फायलीत. तारीख मोकळी ठेवा, ती वर्गात घालू.”

तिने ताईची आणि स्वतःची नावं घेतली. ती आईच्या घरातला आपला हिस्सा सोडणार, ताई घेणार. उलटं लिहावं असं तिच्या मनातच आलं नाही. स्वतः घेतेय असं लिहायला गृहपाठातसुद्धा लाज वाटली असती.

त्या दुपारी ठकी ताईच्या मांडीवर झोपलेली होती आणि ताई कुजबुजत मापं सांगत होती. “बाल्कनी साडेनऊ फूट. आईची व्हीलचेअर वळवताना मोजली होती मी.” दस्त लिहून झाला, छापून आणला, आणि ती टेबलावर दोन्ही प्रती पसरून बघत बसली. नवी साडी बघावी तशी.

“सही कर ना,” ताई म्हणाली. “खऱ्यासारखा दिसू दे.”

“दोन्हीवर?”

“मग काय! आणि साक्षीदार कोण? हे येतीलच मला न्यायला, एक ते. आणि काकूंना बोलाव.”

भावजींनी सही केली. काकू पदराला हात पुसत आल्या आणि “माझी सही विद्यापीठात जाणार? मग बेताची नको,” म्हणत ओळ संपली तरी नाव ओढत राहिल्या. सगळे इतके हसले की ठकी जागी झाली.

वीसपैकी एकोणीस मिळाले. बाल्कनीच्या वर्णनात तिने ‘सकाळचे ऊन येते’ असं लिहिलं होतं, त्याखाली मॅडमनी लाल रेघ मारली होती: ऊन मोजता येत नाही. त्याचा मात्र गुण कापला नव्हता. कापला होता तो शेवटी, दोन रेघांच्या चौकटीत: ‘प्रत्येक पानावर आडवं नमुना असं लिहायला हवं होतं. हा खरा कागद झाला आहे. सावध.’

तिने तिथल्या तिथे त्या प्रतीच्या तिन्ही पानांवर ठसठशीत ‘नमुना’ लिहिलं. ती प्रत मॅडमच्या कपाटात गेली. घरच्या प्रतीवर लिहायचं राहिलं. घरी गेल्यावर ठकीला ताप होता, आणि ताप उतरल्यावर दस्त कुणाला आठवतो? तो खणात पडून राहिला, लसीकरणाच्या कार्डाखाली. त्या खणातलं काय कुठे आहे ते तिच्याइतकंच ताईला माहीत होतं.

मग आलं प्रात्यक्षिक. साठ तास वकिलांच्या ऑफिसात काम करायचं, तेव्हा सर्टिफिकेट. विद्यापीठाने जागा नेमून दिल्या. तिला मिळालं ते ऑफिस चष्म्याच्या दुकानावर होतं, दुसऱ्या मजल्यावर. दिवसभराचं काम, म्हणून त्या शुक्रवारी ठकीला सकाळीच ताईकडे पोचवलं. ताईने तिची कॉलर सरळ केली, केसांची बट कानामागे सारली. “घाबरू नको. बोलताना ओठ चावू नको.”

ऑफिसातल्या मुख्य पॅरालीगल साठीच्या होत्या. मानेवर चष्म्याची साखळी, आवाज कागदासारखा सपाट. त्यांनी तिला एक फॉर्म दिला. जवळच्या नातेवाइकांची नावं आणि स्वतःचा हिस्सा असलेली मालमत्ता.

“कशासाठी, माहीत आहे ना?”

“हो. इथलं कोणी अशील माझ्या नात्यातलं असेल तर त्या फायलीला मी हात लावायचा नाही.”

“बरोबर. लिहा.”

तिने पहिलं नाव ताईचं लिहिलं. नवऱ्याचं दुसरं. ते बघून तिला स्वतःचंच हसू आलं. नवऱ्याला सांगितलं तर आठवडाभर चिडवेल. खाली आईच्या घराचा पत्ता लिहिला.

बाईंनी मोठं रजिस्टर उघडलं आणि बोट फिरवू लागल्या. बोट रजिस्टरवरून फॉर्मवर आलं. पहिल्याच ओळीवर थांबलं. मग एकदम शेवटच्या ओळीवर, पत्त्यावर गेलं, आणि परत वर, तिच्या स्वतःच्या नावावर. बाईंनी रजिस्टर मिटलं.

“बसा,” म्हणाल्या आणि आत वकिलांच्या केबिनमध्ये गेल्या. बाहेर आल्या तेव्हा फॉर्म त्यांच्या हातात नव्हता.

“तुम्हाला इथे घेता येणार नाही. विद्यापीठाला आम्ही कळवू. तुमचा दोष नाही, असंच लिहू.”

“पण फाईल एकच असेल ना? मी त्या कपाटाकडे फिरकणारसुद्धा नाही.”

“कारण विचारू नका. कारण सांगता येत नाही, हे तुम्हाला शिकवलं असेलच.”

“शिकवलंय,” ती म्हणाली.

जिना उतरताना तिने ओठ चावला. पण मन सर्टिफिकेटमध्ये नव्हतं. मन ताईपाशी जाऊन बसलं होतं. ताई वकिलाकडे आलेली. ताई! जी कधी डॉक्टरकडेसुद्धा स्वतःसाठी गेली नाही. म्हणजे मालकाने खटला भरला असणार. किंवा भावजींचं काही. हल्ली ताई फोन घेऊन बाल्कनीत जायची, दार ओढून घ्यायची. एकदा विचारलं तर म्हणाली, “दात दुखतोय, दातवाल्याशी बोलत होते.” तेव्हा हिने लवंगेचं तेल दिलं होतं.

‘एकटीच सोसते,’ तिला वाटलं. ‘आईच्या वेळीही एकटीनेच सोसलं. मी वर्गात मुदती मोजतेय आणि माझ्या बहिणीला घराबाहेर काढतायत.’

आत्ताच्या आत्ता ताईकडे जावं असं वाटलं. पण विचारलं तर ताई हसण्यावारी नेणार. त्यापेक्षा आधी माहिती हवी. आणि माहिती कुठे मिळते ते तिला सहा आठवड्यांपूर्वी शिकवलं होतं: नोंदणी कार्यालयाची सूची कोणीही बघू शकतं. चिठ्ठीवर नाव लिहायचं, खिडकीत द्यायचं.

कार्यालयात खुर्च्या जमिनीला पक्क्या ठोकलेल्या होत्या आणि पेन दोरीने बांधलेलं होतं. खिडकीतल्या कारकुनाने चिठ्ठी वाचली.

“कोण तुमच्या या?”

“बहीण.”

“बहिणीची माहिती बहिणीलाच विचारायची. इथे कशाला रांगेत?” असं म्हणत त्याने स्क्रीनवर नाव टाकलंही होतं. “एक नोंद आहे. प्रलंबित. दस्त बघायचाय? वीस मिनिटं मिळतात. फोटो काढायचा नाही.”

तिने दस्त घेतला आणि भिंतीकडच्या टेबलाशी बसली. हक्कसोडपत्र. घेणार: ताई. देणार या शब्दापुढे तिचं स्वतःचं नाव.

पहिल्यांदा तिला वाटलं, कारकुनाने भलताच कागद दिला. मग वाटलं, मॅडमचं कपाट फुटलं की काय. तिने पान उलटलं. बाल्कनी, साडेनऊ फूट, पूर्वेस, सकाळचे ऊन येते. खाली लाल रेघ नव्हती. तिची सही. भावजींची सही. काकूंची, ओळीबाहेर गेलेली. पानावर आडवं काहीही लिहिलेलं नव्हतं.

आणि तारीख. मोकळ्या जागेत कुणीतरी निळ्या शाईने भरलेली. चारचा आकडा वरून मिटलेला, खालचा पाय लांब. असा चार एकच माणूस काढतं. त्याच हाताने हिचा हात धरून पाटीवर हिला चार काढायला शिकवलं होतं. तिचा स्वतःचा चारही तसाच होता.

तिने ओळी पुन्हा वाचल्या, पुन्हा पहिल्यापासून, जणू वाचता वाचता कुठेतरी नाव बदलेल.

दस्त वकिलांमार्फत दाखल झाला होता; देणार हजर नव्हती, म्हणून पाठवलेल्या नोटिशीची पावती मागे टाचलेली होती. ‘देणार’ व्यक्तीला हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावे. नोटीस तिच्याच घरच्या पत्त्यावर पोचली होती, अकरा दिवसांपूर्वी. सोमवारी. पोचल्याच्या रकान्यात सही होती, आणि सहीपुढे पोस्टमनने लिहिलं होतं: बहीण, घरी हजर.

त्या सोमवारी ती वर्गात होती. मॅडम साक्षीदारांच्या जबान्या शिकवत होत्या. ताई टपाल घेऊन वर आली असेल, ठकीला कडेवर घेऊन सही केली असेल. संध्याकाळी ही परतली तेव्हा ताईने विचारलं होतं, “आज काय शिकलीस?” आणि हिने सगळं सांगितलं होतं, अगदी रंगून.

ती बोटांवर मोजायला लागली. पहिला दिवस धरायचा नाही. मंगळवारी पंधरावा. मध्ये शनिवार, रविवार. कामाचे दिवस आज, सोमवार आणि मंगळवार.

तिला उठून ताईकडे पळावंसं वाटलं. ठकी तिथे होती. पण ती स्वतःला ओळखून होती. ताईसमोर उभी राहिली की ती विरघळायची. ताईने “बस, पाणी पी” म्हटलं की रागाचं पाणी व्हायचं. आज ताईने नुसती तिची बट कानामागे सारली तरी तिने दोन्ही खोल्या आणि बाल्कनी सोडून दिली असती. तेव्हा ताईचं तोंड बघायच्या आधी कागद व्हायला हवा होता.

ती विद्यापीठात गेली.

प्रात्यक्षिकामुळे आज तास नव्हता. मॅडम रिकाम्या वर्गात, एका बेसिनाशेजारी बसून वह्या तपासत होत्या. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सांगताना ‘ताई’ म्हणता येईना, मग ‘घेणार’ म्हणायला लागली. घेणारने तारीख घातली. घेणारने नोटीस घेतली.

मॅडमनी या वेळी मूठ आपटली नाही. कपाट उघडलं, तिची प्रत काढली, लाल शाईतले शेरे आणि तीन वेळा लिहिलेलं ‘नमुना’ बघितलं. मग कोरा कागद ओढला.

“हा वर्गातला सराव होता, असं मी लिहून देते. आणि खरी नावं, खरं घर घ्या असं मीच सांगितलं होतं, तेही लिहिते.”

“ते नका लिहू. विद्यापीठ तुम्हाला विचारेल.”

“विचारू दे. वीस वर्गांना मी हेच सांगितलं. आजवर कोणाच्या घरात खण उघडून बघणारं माणूस नव्हतं, म्हणून निभावलं.” त्यांनी वर पाहिलं. “तुझी चूक नाही असं म्हणणार नाही मी. तू सही केलीस.”

“हो.”

“कोणी कर म्हटलं म्हणून?”

तिने पर्समधून पेन काढलं. मॅडमनी पुन्हा विचारलं नाही. “हरकत अर्ज तू स्वतः लिही. माझ्यासमोर. रडायचं असेल तर आत्ता रड, अर्जात नको.”

ती रडली नाही. तिने लिहिलं. मी, अर्जदार, असे नम्रपणे नमूद करते. चौथं कलम खोडून तिने पुन्हा लिहायला घेतलं तेव्हा मॅडम खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

“आणि साठ तास?” अर्ज घडी करताना तिने विचारलं.

“ते दुसरीकडे बघू. आज घर.”

साडेतीनला ती पुन्हा त्याच खिडकीत उभी होती. कारकुनाने अर्ज वाचला आणि चेष्टेचं काहीतरी ओठांवर आलेलं परत गिळलं.

“इथे एक रकाना राहिलाय. विरुद्ध पक्षाशी नातं.”

तिने दोरीचं पेन घेतलं. दोरी आखूड होती, वाकावं लागलं. सख्खी बहीण. लिहून झाल्यावर ते दोन शब्द तिला दुसऱ्याच कुणाच्या घरातले वाटले.

शिक्के पडले. नोंद सुनावणीपर्यंत थांबवली आहे, असं कारकुनाने पावतीवर लिहून दिलं. “समोरच्यांना नोटीस जाईल पोस्टाने. तुम्ही स्वतः देऊ नका हातात. भांडणं होतात.”

ताईच्या तिसऱ्या मजल्यावर ती पोचली तेव्हा ठकी उंच खुर्चीत बसून केळं खात होती. म्हणजे ताई चमचा भरत होती आणि ठकी तो नाकाला, कानाला, केसांना लावत होती. ठकीची नखं नुकतीच कापलेली दिसली. अंगात ताईने शिवलेलं झबलं.

“आलीस?” ताई म्हणाली. “कसा गेला पहिला दिवस?”

“घेतलं नाही त्यांनी.”

“का गं? काय झालं? बस आधी, पाणी पी.”

ती बसली नाही. “नात्यातल्यांची यादी मागितली. मी तुझं नाव पहिलं लिहिलं.”

ताईने चमचा भरला, ठकीच्या तोंडाशी नेला.

“मग मी नोंदणी कार्यालयात गेले. मला वाटलं, मालकाने तुझ्यावर खटला भरलाय.”

चमचा तिथेच थांबला. ठकीने मान पुढे करून पाहिलं, चमचा येईना, तेव्हा खुर्चीवर हात आपटले. “माऊ!”

“मी सांगणारच होते तुला,” ताई म्हणाली.

“कधी? मंगळवारनंतर?”

ताईने चमचा वाटीत ठेवला. “तुला काय वाटलं, रस्त्यावर काढणार होते तुला? तुला? राहिली असतीस की तू. आम्हीही आलो असतो, इथून निघावंच लागणार आहे. एकत्र राहिलो असतो. फक्त नाव माझं.”

“मग विचारायचंस.”

“विचारलं असतं तर दिलं असतंस?”

तिने खरं उत्तर शोधलं. “माहीत नाही.”

“बघ!”

“माहीत नाही म्हणजे नाही, असं नाही ताई. कदाचित दिलं असतं. आता ते मलाही कधी कळणार नाही आणि तुलाही.”

ताई उठली, ओट्याकडे गेली, फडकं ओलं करून आणलं आणि ठकीचं तोंड पुसायला लागली. पुसता पुसता बोलत राहिली, मान वर न करता. “आठ वर्षं, चिमे. माझी परीक्षा होती त्या महिन्यात. कोणी म्हणालं का, तू शीक, आईकडे आम्ही बघतो? तू लहान होतीस, तुला नाही म्हणत मी. पण मामा होते, आत्या होती. एकजण बोललं नाही. आई म्हणायची, घर तुझंच हो. रोज म्हणायची. तोंडाने. मला एक कागद कोणी दिला नाही.”

“आणि माझा कागद खणात होता.”

“तुझा कागद खणात होता,” ताई म्हणाली. “आणि किती छान लिहिला होतास गं.”

हे ताईने मनापासून म्हटलं होतं, आणि म्हणूनच ते सहन झालं नाही. तिने खुर्चीचा पट्टा सोडवला, ठकीला कडेवर घेतलं. “मी हरकत घेतलीय. लेखी. नोंद थांबलीय.”

ताईचं फडकं हातात तसंच राहिलं. “बाहेरच्यांना सांगितलंस? माझ्याकडे यायच्या आधी?”

“हो.”

“तुझ्या त्या मॅडमला?”

“हो.”

“घरचं घरात मिटलं असतं.”

“मिटतच आलं होतं. अकरा दिवस झाले होते.”

ताईने ठकीची बाटली धुतली, झाकण लावलं, दुपटं घडी केलं, सगळं पिशवीत नीट भरलं. जड वस्तू खाली, मऊ वर. पिशवी पुढे करताना म्हणाली, “आणि सोमवारी हिला कुठे ठेवणार?”

सबंध दुपारभर, दोन इमारती आणि दोन रांगांमधून, हा प्रश्न तिने बाजूला ठेवला होता. तिने पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेली आणि थांबली.

“ताई, एकच विचारते. त्या दुपारी तू म्हणालीस, सही कर, खऱ्यासारखा दिसू दे. तेव्हाच ठरलं होतं का तुझं?”

ताईने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. डोळे भरलेले होते. “नाही गं. तेव्हा खरंच गंमत वाटली होती. आपण सगळे किती हसलो. नंतर सुचलं, कधीतरी, तुझ्या खणात कार्ड शोधताना. ठकीची शपथ.”

लहानपणी ताई म्हणाली की दात पडताना दुखत नाही, तेव्हा दुखलं नव्हतं. ताई म्हणाली की आईला आता काही कळत नाहीये, ती शांत आहे, तेव्हा ही रडायची थांबून झोपी गेली होती. ताईचं बोलणं खरं की खोटं असा प्रश्नच कधी निघाला नव्हता. आता ती त्या ओळखीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, डोळे, हनुवटी, ओठांची कड, एकेक वेगळं करून, आणि तिला काहीच ठरवता येईना. ती दुपार तिला फार हवी होती. तेवढी एक दुपार खरी निघाली असती तर चाललं असतं.

“जाते,” ती म्हणाली.

ठकीला काहीतरी चुकतंय हे कळलं. तिने खांद्यावरून दोन्ही हात ताईकडे टाकले. ताईचे हात सवयीने वर आले, आणि तसेच अधांतरी राहिले. हिने ठकीची मांडी घट्ट धरली, दुसऱ्या हाताने कठडा पकडला आणि जिना उतरायला लागली. “माऊ, माऊ,” ठकी दुसऱ्या मजल्यापर्यंत ओरडत होती, पहिल्यावर हुंदके द्यायला लागली. वर दार लागल्याचा आवाज आला नाही. ती थांबली नाही, आणि वळूनही पाहिलं नाही.